घरातले टेकू

आमच्या रंजनाचं लग्न झालं ते साल दोन हजार एक. मे महिना होता, आणि आमच्या चंद्रपूरकडचा मे म्हणजे दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर निघत नाही. लग्न कॉलनीच्या सभागृहात ठेवलं होतं, कारण तिथे कूलर होते. भटजींनी आंतरपाट धरायला सांगितला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि नवरीचा बाप कुठेच दिसेना.

"व्याही रुसले काय जी?" नवरदेवाचा मामा मोठ्यानं म्हणाला. "आताच सांगून द्या बापा. अक्षता पडल्यावर समजूत काढाले मजा येत नाई."

वऱ्हाड हसलं. मी बायकांतून वाट काढत खिडकीशी गेले. हे कुठे असतील ते मला ठाऊक होतं. खिडकीच्या बाहेर, भर उन्हात, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, एका हातानं गज धरून हे उभे होते. दुसऱ्या हाताच्या मुठीत अक्षता होत्या.

"अहो, आत या ना. एवढ्या वेळापुरतं."

"वर भेग पाह्यली काय तू?"

"कोठी?"

"पंख्याच्या हुकाजवळ."

मी वर पाहिलं. चुन्याचा पोपडा सुटला होता, दुसरं काही नाही.

"रंग हाय तो."

"तू जा. पोरीजवळ उभी राह्य. मी इथूनच टाकतो."

कन्यादान माझ्या दिरानं केलं. ह्यांनी गजातून हात घालून अक्षता फेकल्या, त्या बहुतेक खिडकीतच सांडल्या. आंतरपाट दूर झाला तेव्हा रंजनानं नवऱ्याकडे पाहायच्या आधी खिडकीकडे पाहिलं. तिच्या सासूनं ते पाहिलं, आणि ती पाहते आहे हे मी पाहिलं.

माझ्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण वाचणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून एकदा घेते. आमच्या ह्यांचं नाव पत्रू वाढई. हे कोळशाच्या भुयारी खाणीत टेकू काढायच्या कामावर होते. हे काम बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. खाणीत कोळसा काढून घेतला की मागे मोठी पोकळी राहते. तिचं छत लाकडी टेकूंवर उभं असतं. तो भाग संपला की ते टेकू एकेक करून पाडायचे आणि छत आपणहून खाली येऊ द्यायचं. एक माणूस लांब दांड्याच्या घणानं टेकू पाडतो, दुसरा मागे पक्क्या छताखाली उभा राहून वर नजर आणि कान ठेवतो. दगड फुटायच्या आधी छत बोलतं, बारीक कडकडतं. ते ऐकू आलं की मागचा ओरडतो आणि दोघंही पळतात. एकट्यानं टेकू पाडायचा नाही हा पहिला नियम. मागच्यानं जागा सोडून पुढे जायचं नाही हा दुसरा.

ह्यांच्या मागे राजय्या गुंडेटी उभा राहायचा. आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणारा, तेलंगणाकडून आलेल्या बापाचा मुलगा, इथेच वाढलेला. त्याची बायको नरसू मला अक्का आणि ह्यांना बावा, म्हणजे थोरला दीर, म्हणायची आणि माझ्याशी भिंतीवरून वाटी बदलायची. लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात छत कोसळलं आणि दोघंही आत अडकले. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना जिवंत काढलं. राजय्याला काढलं तेव्हा तो गेलेला होता.

लोक म्हणाले, पत्रूभाऊ सुटले. मीही म्हटलं. पाय जोडला, प्लॅस्टर निघालं, आणि हे दवाखान्यातून घरी आले ते उंबऱ्यावरच थांबले. वर पाहिलं आणि मागे सरले. त्या दिवसापासून खाट अंगणात. थंडीत अंगणात, उन्हाळ्यात अंगणात. जेवण अंगणात. कोणी दार ठोकलं की दोन्ही हातांनी डोकं झाकायचे. मी ह्यांना एकटं सोडून बाजारातसुद्धा जाऊ शकत नव्हते. खाणीतून माणूस बाहेर आला होता, पण घरी आल्यावर तो आणि मी, दोघंही आत अडकलो होतो असं मला वाटायचं.

लग्नानंतर पावसाळा तोंडावर आला. तेव्हा देवराव सरदार आमच्याकडे आले. सरदार म्हणजे खाणीतला तपासणीस, छत पक्कं की कच्चं ते काठीनं ठोकून सांगणारा. ह्यांचे जुने दोस्त. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, पत्रूले छताचा भरोसा नाई ना? मंग भरोसा देऊन टाकू."

"म्हणजे कसं भाऊजी?"

"टेकू लावू घरात."

मला वाटलं थट्टा करतात. पण दुसऱ्या दिवशी खाणीतले चार जण टेकूच्या बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, घेऊन हजर. अडगळीत टाकलेल्या, सुकलेल्या, पण जाड. आमच्या झोपायच्या खोलीत त्यांनी त्या उभ्या केल्या, वर आडवी फळी, खाली पाचर, आणि घणानं ठोकून घट्ट बसवल्या. खाली करतात तसंच काम, तोच क्रम, तीच भाषा. देवरावांनी काठीनं स्लॅब ठोकला, कान लावला आणि अंगणाकडे तोंड करून आवाज दिला, "पक्का हाय बे पत्रू. ये."

हे उठले. उंबऱ्यापाशी आले. एक टेकू हातानं हलवून पाहिला, दुसरा हलवून पाहिला. मग आत आले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. कितीतरी महिन्यांनी. चौघंही माना दुसरीकडे वळवून डोळे पुसत होते. मी सगळ्यांना शिरा केला. त्या दिवशी मला वाटलं, संपलं.

संपलं नव्हतं. हे त्या खोलीत झोपायला लागले, पण त्या खोलीबाहेर छताखाली पाऊल टाकेनात. मग एक टेकू स्वयंपाकघरात आला. एक संडासात आला, म्हणजे आत गेलं की गुडघे दाराला लागायचे. रोज सकाळ-संध्याकाळ हे घण घेऊन पाचरी ठोकायचे. ठोकताना कान वर. देवराव आठवड्यातून एकदा यायचे आणि काठीनं छत ठोकून "पक्कं" म्हणायचे. ते आले नाहीत तर हे जेवायचे नाहीत. मी पोळी लाटताना माझं कोपर टेकूला लागायचं. रात्री कूस बदलली तर हात लाकडावर. मी आयुष्यात खाणीत उतरले नव्हते. आता घरात बसून उतरले.

दिवाळीच्या थोडं आधी रंजनाची सासू आली. रंजनाला दिवस गेले होते, पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. बाईनं दारातून आत पाहिलं.

"हे घर हाय का टिंबर डेपो?"

"ह्यांच्या तब्येतीसाठी," मी म्हटलं.

"तब्येत त्यांची, आणि पोट आमच्या सुनेचं. रात्री अंधारात पोरगी लाकडाले आदळली म्हणजे? असं घर असलं तर मी नाई पाठवत. सातवा सरेपर्यंत पाहा. नाई जमलं तर आमच्याकडेच होईल बाळंतपण." चहाचा कप खाली ठेवून ती जरा हळू आवाजात म्हणाली, "मी वाईट नाई बोलून राहिली. तुमच्या जागी मी असती तर मलेही कोणी हेच सांगावं असं वाटलं असतं."

हे आतून ऐकत होते. ती गेल्यावर म्हणाले, "बरोबर हाय तिचं. पोरीले नको आणू इथे. स्लॅब काई सांगता येत नाई." मग पाचर ठोकायला गेले.

मी कॉलनीच्या दवाखान्यात गेले आणि तिथल्या डॉक्टरसमोर बसून रडले. तिथे दर बुधवारी नागपूरहून एक मानसतज्ज्ञ बाई यायच्या, डोर्लीकर मॅडम. रंजनाहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. मला वाटलं, ही पोरगी काय करणार. पण दवाखाना म्हणजे छत. हे तिथे जाणार नाहीत म्हटल्यावर त्याच घरी आल्या.

त्यांनी टेकू पाहिले. हसल्या नाहीत. एकेक टेकूभोवती फिरून पाहिला. देवराव मुद्दाम हजर होते.

"कोणी लावले?"

"आम्ही," देवराव म्हणाले. "सागाचे आहेत. ह्या स्लॅबवर हत्ती नाचवा."

"काम फार चांगलं आहे, काका. पण हे निघायला लागतील."

देवरावांचा चेहरा पडला. "मॅडम, आम्ही खाणीतली माणसं. टेकू लावून कोणाचं नुकसान झालं असं आम्ही ऐकलं नाई."

"छताचं नाही झालं. पत्रूकाकांचं झालं. हे टेकू नव्हते तेव्हा त्यांना वाटत होतं छत पडेल. आता त्यांना वाटतं, टेकू आहेत म्हणून पडत नाही. भीती तिथेच आहे. तुम्ही तिलाच घर बांधून दिलं." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आज नाही काढायचे. आणि मी काढणार नाही, देवरावकाकाही नाहीत. तुम्हीच काढाल, एकेक करून, सर्वांत कमी भीती वाटते तिथून सुरुवात करून. पण त्याबरोबर दुसरं एक काम आहे."

"कोणतं?" हे म्हणाले.

"जे झालं ते मला सांगायचं. डोळे मिटून, आता घडतंय असं. पुन्हा पुन्हा."

"सांगितलं सगळं साहेबांना. चौकशीत."

"साहेबांना काय झालं ते सांगितलं. मला तुम्ही तिथे काय पाहिलं, काय ऐकलं, कसा वास आला ते सांगा."

"त्यानं काय होईल?"

"आता ती गोष्ट तुम्हाला वाटेल तेव्हा धरते. तुम्ही तिला तुमच्या वेळेला धरायला शिकाल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला विचारलं, "रंजनाचा सातवा कधी लागते?" मी सांगितलं. हे म्हणाले, "चालू करा."

मॅडमनी एक छोटा टेपरेकॉर्डर आणला होता. हे अंगणात खाटेवर बसायचे, मॅडम समोर खुर्चीवर. हे सांगायचे ते टेपवर उतरायचं, आणि पुढच्या बुधवारपर्यंत रोज दुपारी ती टेप ऐकायची, थेट शेवटपर्यंत. मध्ये उठायचं नाही, बंद करायची नाही. माझ्याकडे एक काम दिलं. टेपच्या आधी आणि नंतर, भीती शंभरात किती ते विचारून कोळशानं भिंतीवर लिहायचं. कॉलनीतल्या साक्षरता वर्गात मी तेव्हा नुकती जायला लागले होते. अक्षरांआधी आकडे आले होते, ते कामाला आले.

पहिल्या दिवशी हे टेप ऐकताना घामानं भिजले आणि शेवटी भडभडून ओकले. मी मॅडमना फोन करायला धावणार होते. हे म्हणाले, "बस." मीही बसले. ह्यांचाच आवाज डब्यातून येत होता.

"मी घण मारतो. टेकू हालत नाई. पुन्हा मारतो. टेकू सरकतो. वरून बारीक माती पडते, मानेवर. छत बोलते. मी पळतो. पाय अडकते. मी पडतो. राजय्या माझ्या बाजूले हाय. त्याच्या कमरेवर दगड हाय. माझ्या टोपीचा दिवा त्याच्या तोंडावर. दिवा बंद कर म्हणते, डोळ्यात जातो. मी बंद करतो. अंधार."

त्या अंधाराचं पुढे फार होतं. राजय्याचा श्वास, दगडाचं पाणी, लघवीचा वास, राजय्यानं मधेच केलेली चेष्टा की उद्या हजेरी कोण लावणार. मग त्याचं बोलणं थांबणं. रोज दुपारी मी त्या अंधारात बसायची. भाजी निवडायला घ्यावी तर हात चालायचा नाही. उठून जायची सोय नव्हती. कधी वाटायचं डबा उचलून आपटावा. बाहेर लख्ख ऊन, शेजारी कोणाच्या तरी कुकरची शिट्टी होते आहे, आणि मला मात्र श्वास पुरत नव्हता.

एके दुपारी भिंतीच्या पलीकडून नरसूचा आवाज आला. तिला राजय्याच्या जागी दिवाघरात नोकरी लागली होती, खाली जाणाऱ्यांना दिवे वाटायची. दुपारी घरी असायची. आम्ही आवाज बारीकच ठेवायचो, तिच्यासाठी म्हणून.

"अक्का."

मी टेप बंद करायला हात पुढे केला.

"बंद नका करू," ती म्हणाली. "जरा मोठा करा. मले मधले मधले शब्द लागत नाई."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच हात लांब करून आवाज वाढवला. त्या दिवसापासून आम्ही तिघं ऐकायचो, ती तिच्या अंगणात आणि आम्ही आमच्या. टेप संपली की तिच्या दाराची कडी वाजायची.

भिंतीवरचे आकडे हळूहळू खाली आले. संडासातला टेकू ह्यांनी काढला. मग स्वयंपाकघरातला. देवराव काठी घेऊन आले तर मॅडमनी त्यांना बाहेर बसवलं. "काका, तुम्ही या, चहा प्या, गप्पा मारा. फक्त छत ठोकायचं नाही." देवराव म्हणाले, "म्हणजे डॉक्टरले म्हणा, ये पण नाडी पाहू नको." पण ठोकलं नाही. काठी दाराबाहेर उभी केली.

झोपायच्या खोलीतले टेकू मात्र निघेनात. आणि भिंतीवरचा आकडा एका ठिकाणी येऊन थांबला, तो पुढे उतरेना. एका बुधवारी मॅडमनी टेप ऐकली, थांबवली, मागे घेतली, पुन्हा लावली.

"काका, बाकी सगळं सांगताना आता तुमचा आवाज स्थिर असतो. एकाच ठिकाणी तुम्ही उडी मारता."

"कोठी?"

"'मी पडतो.' आणि लगेच 'राजय्या माझ्या बाजूले हाय.' राजय्या तर मागे होता ना, पक्क्या छताखाली? तो बाजूला कसा आला?"

"आला."

"कसा?"

"धावत आला."

"तुम्ही काय पाहता? काय ऐकता?"

हे खाटेवरून उठले. "मॅडम, आता तुम्ही पुन्हा नका येऊ," म्हणाले, आणि आत जाऊन टेकूंच्या मधोमध बसले. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातला टेकू पुन्हा उभा झाला. ह्यांनी एकट्यानं केला. घणाचे ठोके सगळ्या गल्लीत ऐकू जात होते.

पुढच्या बुधवारी मॅडम आल्या. हे बोलले नाहीत. त्या अंगणात बसल्या, माझ्याशी साक्षरता वर्गाबद्दल बोलल्या आणि गेल्या. त्याच्या पुढच्या बुधवारीही तसंच. जाताना दारातून एवढंच म्हणाल्या, "काका, तिथे जे आहे ते तुम्ही रोज एकटेच पाहता. मी फक्त एवढं म्हणते की एकट्यानं नका पाहू."

रंजनाचा सातवा लागला. तिचा फोन देवरावांच्या घरी आला, तेव्हा कॉलनीत तिथेच फोन होता. "आई, सासूबाई विचारतात. काय सांगू?" मी म्हटलं, बाबांना विचारून सांगते. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "पोरीचा फोन होता. काय सांगू?"

हे घण घेऊन पाचर ठोकायला उठले. मी पहिल्यांदाच आवाज चढवला. "तुम्हाले खाणीतून काढाले लोक दगड फोडत आले. मले कोण काढणार? मी काय कोणाच्या हजेरीत हाव? बोला. काय सांगू पोरीले?"

हे माझ्याकडे पाहत राहिले, जणू मी तिथे आहे हे त्यांना तेव्हा दिसलं. म्हणाले, "बुधवारपर्यंत थांब म्हणा."

बुधवारी दुपारी मॅडम आल्या तेव्हा स्वयंपाकघरातला टेकू निघालेला होता. झोपायच्या खोलीतलेही निघाले होते, एक सोडून. हे घण घेऊन त्या एकासमोर उभे होते. कपाळावरून घाम गळत होता.

"बरं झालं आल्या," म्हणाले. "हा शेवटचा एकट्यानं नाई पाडता येत. नियम हाय."

"नियम खाणीतला आहे, काका," मॅडम म्हणाल्या. "हे घर आहे."

"मले समजते. तरी मागे कोणीतरी लागते."

"मी उभी राहू?"

"तुम्ही नाई."

मी पुढे झाले. "तूही नाई," म्हणाले.

तेव्हा अंगणातून नरसू आत आली. सकाळची पाळी संपवून आली होती, दिवाघराचा निळा कोट अजून अंगात होता. तिनं घण पाहिला, टेकू पाहिला.

"मी राहते मागे," ती म्हणाली. "माझ्याच घरचं काम हाय ते."

ती जाऊन दारात उभी राहिली, जिथून अंगणात एका पावलात जाता येतं. तिनं मान वर केली आणि छताकडे पाहू लागली. राजय्यानं तिला कधी दाखवलं असेल तसं, एक हात चौकटीला, दुसरा मोकळा.

ह्यांनी घण उचलला. वर नेला. तो वरच राहिला. मग हळूच खाली आणला आणि जमिनीवर ठेवला.

"नरसू," हे म्हणाले.

"हं, बावा."

"तो बाहेर होता. पक्क्या छताखाली. त्यानं आवाज दिला, वेळेवर दिला. त्याचं काम त्यानं केलं. मी पडलो. पाय बल्लीत गेला होता. छत बोलून राहिलं होतं. मी मागे पाह्यलं तर त्याचा दिवा दूर दिसला. तो पळाला असता. पळणारच होता, नियम तसाच हाय." ह्यांचे डोळे उघडे होते. "मी हाक मारली त्याले. म्हणून आला."

मॅडम खाली पाहत होत्या.

नरसूची नजर छतावरून खाली आली. तिनं ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चौकटीवरचा हात काढून तिनं कोटाला पुसला.

"टेप ऐकताना रोज वाटे," ती म्हणाली, "इथे काहीतरी हाय."

आणि निघून गेली. तिच्या दाराची कडी लागली.

हे तसेच उभे राहिले. मला वाटलं आता खाली बसतील, आता अंगणात पळतील. मॅडमनी हळूच विचारलं, "भीती किती, काका?"

"शंभर," हे म्हणाले. मग थोड्या वेळानं, "जाऊ द्या. उचलतो."

घण उचलला आणि मारला. पाचर उडाली. दुसऱ्या ठोक्याला बल्ली तिरपी झाली, तिसऱ्याला आडवी पडली. थोडा चुना खाली आला, ह्यांच्या डोक्यावर आणि खांद्यावर. हे त्याखाली उभे राहिले. मागे कोणी नव्हतं. मॅडम त्यांना थांबायला सांगत होत्या, भीती आपोआप उतरेपर्यंत थांबा, पळू नका. हे पळाले नाहीत. किती वेळ उभे होते मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन चूल पेटवली, कारण माझ्या हाताला काहीतरी हवं होतं.

रंजना पुढच्या आठवड्यात माहेरी आली.

नरसू मात्र बोलायची बंद झाली. भिंतीवरून वाटी येईना. नळावर भेटली तर घागर भरून निघून जायची. हे अंगणातून तिला पाहायचे आणि काही म्हणायचे नाहीत. मॅडमना मी विचारलं, "आता काय करायचं?" त्या म्हणाल्या, "तिच्या दुःखाला वेळ ठरवून देता येत नाही, काकू." हे अजूनही अधूनमधून दचकायचे, कधी अंगणात खाट काढायचे. पण सकाळी आत यायचे. टेप ऐकताना आता ती हाकही टेपवर होती, आणि भिंतीवरचा आकडा पुन्हा उतरत होता. एवढंच. कोणी नाचलं नाही.

रंजनाला मुलगी झाली. महाशिवरात्र होऊन गेली होती. मी अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या, हे बाळाला मांडीवर घेऊन कोवळ्या उन्हात बसले होते. नरसू भिंतीशी आली.

"बावा."

ह्यांनी मान वर केली.

"एक सांगा. हाक काय म्हणून मारली?"

"म्हणजे?"

"त्याचं नाव घेतलं काय? का नुसते ओरडले?"

"नाव नाई घेतलं."

"मंग?"

ह्यांनी बाळाच्या तोंडावरची सावली सारखी केली. "अन्ना म्हटलं."

तेलुगूत अन्ना म्हणजे थोरला भाऊ. राजय्या ह्यांच्याहून सहा-सात वर्षांनी लहान. तोच ह्यांना अन्ना म्हणायचा, आणि हे त्याला "अबे राजय्या" याशिवाय कधी हाक मारत नसत.

नरसू भिंतीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

"तरीच. नियम मोडणारा माणूस नव्हता तो. बीडीसुद्धा कधी खाली नेली नाई. मी रोज विचार करायची, असा कसा आत गेला." तिनं डोळ्यांना पदर लावला, काढला. "अन्ना म्हटल्यावर कसा थांबणार होता. लहानपणापासून कोणी त्याले मोठं म्हटलंच नव्हतं."

ह्यांनी उठून बाळ भिंतीवरून तिच्या हातात दिलं. तिनं घेतलं, हालवून पाहिलं आणि म्हणाली, "हलकी हाय. आईले अळीव द्या, अक्का."

राजय्या गुंडेटी नोव्हेंबर दोन हजारमध्ये खाणीत गेला. आमचे हे दोन हजार चौदाच्या मार्चमध्ये फुफ्फुसाच्या दुखण्यानं गेले. नरसू गेल्या वर्षी, गणपती बसायच्या आदल्या दिवशी गेली. शेवटी तिच्याजवळ मी होते.